वसुधाचा चातुर्मास

"बिराप्पा, आपली परतफेरी रिक्त आहे," गाडीतली बाई म्हणाली. "पृथ्वी आपल्यावर नाराज आहे."

बिरूनं स्टिअरिंग सोडून हात जोडले. गाडी गेटात उभी होती म्हणून बरं. मी शेजारच्या सीटवर भेळ खात होतो. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "अण्णा, कोन ही?"

"वसुधा," मी म्हटलं. "कंपनीनं आणलीय. हळू बोल, सगळं ऐकती ती."

ऐकत-बिकत काही नव्हती. पण त्यानंतर बरेच दिवस बिरू गाडीत कुजबुजत बोलायचा, हॉर्न मारायच्या आधी "माफ करा ताई" म्हणायचा, आणि मी ते सगळ्या गाडीतळाला सांगत फिरायचो. स्वभाव आहे. औषध नाही.

तेव्हा मी कुपवाडला धवलगंगा पशुआहार या कंपनीत गाड्या भरून देणारा सुपरवायझर होतो. गाई-म्हशींचं खाद्य पोत्यांत, पोती गाडीत, गाडी जतकडच्या गावांत, आणि गाडी परत. एवढा साधा धंदा. पण पुण्याच्या हेड ऑफिसात कुणीतरी ठरवलं की याला आता पुरवठा साखळी म्हणायचं आणि ती हिरवी करायची. हिरवी करायला ऋत्विज देवस्थळी नावाचे साहेब आले. वय कमी, केस जास्त. पाण्याची बाटली स्वतःची, स्टीलची. कॅन्टीनचा चहा प्यायचे, पण कागदी कपाकडं असं बघायचे की जणू त्यात कुणाचं तरी पोर बुडालंय. माणूस वाईट नव्हता. त्यांनीच वसुधा आणली.

वसुधा म्हणजे एआय. कुठली गाडी कधी सोडायची, कुठल्या रस्त्यानं न्यायची, हे सगळं आता ती ठरवणार. धूर कमी व्हावा म्हणून. आणि रिकाम्या परत येणाऱ्या गाडीवर तिचा विशेष राग, कारण तो धूर फुकटचा. गाडी रिकामी आली की तिच्या नावावर एक वाळकं पान. तीन वाळकी पानं झाली की गाडी कंपनीतून बाद.

बिरूची दोन झाली होती.

आता यातली गंमत अशी, की बिरूची गाडी कधीच रिकामी येत नव्हती. कंपनीच्या अलीकडच्या चौकात राजाक्काचं मंडप डेकोरेशनचं गोडाऊन होतं. नवरा गेल्यावर तिनं धंदा हातात घेतला आणि दिराला दोन महिन्यांत रस्त्याला लावलं, अशी बाई. तिची लग्नं सगळी जतकडची. जाताना तिच्या खुर्च्या, कढया, कनाती बिरूच्या पोत्यांवर चढायच्या, वरनं ताडपत्री. लग्न उरकलं की त्याच परत येताना मोकळ्या हौद्यात. बाकीचे ड्रायव्हरही असंच. कुणी शेळ्या आणायचा, कुणी मेव्हणीचं कपाट. गावोगावचे दुकानदार तर मागं लागायचे, बाबांनो ही मोकळी पोती तेवढी घेऊन जावा, उंदरं झाल्यात. पण मोकळी पोती कोण आणणार? त्यात ड्रायव्हरला चहा पण सुटत नाही.

कंपनीचा नियम मात्र कडक. आपल्या फेरीत दुसऱ्याचा माल घालायचा नाही. त्यामुळं गाडी आली की माझ्या मोबाइलवर वसुधा विचारायची, काय आणलं, आणि मी भरायचो, काही नाही. खरं सांगितलं तर बिरू नियमानं बाद, खोटं सांगितलं तर पानानं बाद.

आणि बिरू बाद होऊन चालणार नव्हतं, कारण बिरूला राजाक्काशी लग्न करायचं होतं.

हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तो चाळिशीला आलेला, आईवडील गेलेले, स्वतःची गाडी, निर्व्यसनी. कित्येक वर्षं तिच्या खुर्च्या अशा उतरवायचा की जणू काचेच्या आहेत. मी एकदा म्हटलं, अरे बोल की तिच्याशी. म्हणाला, "गाडीचं पक्कं हुंदे. दिवाळी झाली की बोलतो." दिवाळी दर वर्षी यायची आणि जायची. मी म्हटलं, निदान आधी तिला अक्का म्हणायचं तरी सोड. तर म्हणाला, "मग काय म्हनू?" त्याच्यापुढं मला पण सुचलं नाही.

शेवटी मीच राजाक्काकडं विषय काढला. ती कढई घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "अण्णा, मानूस चांगला हाय, मला काय डोळं न्हाईत व्हय? पर गाडी कंपनीला लागलेली ऱ्हायली पायजे. तर लोक म्हनत्याल, बाईनं कमावता नवरा बघितला. गाडी दारात उभी असली तर म्हनत्याल, बाईनं गडी ठेवला. माझा धंदा लोकांच्या दारातला हाय."

म्हणजे तिसरं वाळकं पान पडलं की बिरूचं लग्न मोडलं. न ठरताच.

पुढच्या फेरीला बिरू आला, हौद्यात खुर्च्या, वर ताडपत्री, तोंड कोयनेच्या धरणासारखं भरलेलं. वसुधानं मला विचारलं, काय आणलं. खाली तीन पर्याय होते. काही नाही, कच्चा माल, पुनर्वापर साहित्य. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. ताडपत्रीचा फोटो काढून लावला. ताडपत्री छान फुगली होती.

क्षणात बिरूच्या मोबाइलवर हिरवं पान उगवलं. "बिराप्पा," गाडीतनं आवाज आला, "पृथ्वी आपली आभारी आहे."

बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात त्याचे पहिल्यांदाच कुणी आभार मानले होते.

दुसऱ्या दिवशी देवस्थळी साहेब पळत आले. "जालिंदरजी, पुनर्वापर साहित्य म्हणजे नक्की काय?"

"सर, बसायचं, शिजवायचं, झाकायचं साहित्य," मी म्हटलं. "एकदा वापरून फेकत नाहीत. पुसलं की परत."

"किती वेळा?"

"तुटेपर्यंत. काही काही तर तिसरी पिढी बसतीय."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पुण्याला फोन लावायला बाहेर गेले. मी एक शब्द खोटा बोललो नाही. मुद्दाम सांगतो, कारण माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

झालं, सगळ्या ड्रायव्हरांना वाट सापडली. शेळ्या आणि कपाटं बंद. ज्यानं त्यानं आपापला मंडपवाला गाठला. मी तर्जनी तिसऱ्या पर्यायावर ठेवून बसलो. वैशाख आला तशी वसुधा नुसती बहरली. भिंतीवर साहेबांनी मोठा पडदा लावला होता, त्यावर गाड्यांच्या नावांची झाडं. त्या झाडांना इतकी पानं फुटली की फांद्या दिसेनात.

आणि मग वसुधा शिकली.

साहेबांनी मीटिंग बोलावली. पडद्यावर दोन-तीन महिन्यांचा तक्ता. काही दिवस हिरवेगार, त्या दिवशी वसुधा झाडून सगळ्या गाड्या सोडायची. मधले दिवस पांढरे, त्या दिवशी एकही नाही. साहेबांचा आवाज भरून आला होता. म्हणाले, हे आपण तिला शिकवलेलं नाही. गावांमधून पुनर्वापर साहित्य कधी उपलब्ध होतं, याची एक नैसर्गिक लय आहे, ती हिनं स्वतः शोधून काढली.

पडद्याशेजारीच भिंतीवर पतसंस्थेची फुकटची दिनदर्शिका लटकत होती. मी हिरवे दिवस बघितले. मग दिनदर्शिकेतल्या लग्नाच्या तिथी बघितल्या. मग खाली बघत बसलो, कारण हसू आवरत नव्हतं. मागच्या बाकावर बिरू मला कोपरानं ढोसत होता, "अण्णा, काय झालं?" त्याला काय सांगणार, की कोटभर रुपयांच्या मशीनला पंचांग वाचता यायला लागलंय.

कंपनीचं नाव हरित पुरवठा साखळीच्या कसल्याशा मोठ्या पुरस्कारासाठी गेलं. पुण्याची माणसं येऊन वसुधाच्या पडद्याबरोबर फोटो काढून गेली. साहेबांनी सगळ्यांना आंब्याचं रोप दिलं. मी माझं सासऱ्याला पोचवलं.

मग आषाढात एकादशी झाली आणि चातुर्मास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून लायनीत उभ्या. वसुधा बोलेना. दुपारी मी तिला विचारलं, पुढची फेरी कधी. उत्तर आलं. तुळशीचं लग्न झाल्यानंतरची तारीख होती. खाली कारण दिलं होतं: परतफेरी रिक्त राहण्याची शक्यता आहे. गाडी न हलवणे हाच सर्वात हरित पर्याय आहे.

पहिल्या आठवड्यात पुण्याहून अभिनंदन आलं. धूर शून्य. असा आकडा देशात कुणाचा नव्हता. दुसऱ्या आठवड्यात गोदामात पोती छताला टेकली. तिसऱ्या आठवड्यात जतकडच्या दुकानदारांचे फोन सुरू झाले, म्हशी दाराकडं बघत रेकतायत म्हणून. आणि वसुधानं अजून एक नियम बाहेर काढला, तो कुणाला माहीतच नव्हता. जी गाडी फार दिवस उभी राहील ती निष्क्रिय. निष्क्रिय गाडीला वाळकं पान.

म्हणजे उभं करायचं तिनंच, आणि उभा का म्हणून हाणायचं पण तिनंच. आमच्या शाळेत एक मास्तर असे होते, पण त्यांना निदान दम लागायचा.

हिरव्या पानांनी वाळकी पुसली जात नव्हती. बिरूच्या नावावर ती दोन तशीच होती. तिसरं पान महिनाअखेरीला पडणार, असं मोबाइलवर आलं. बिरूनं मला ते दाखवलं आणि गाडी धुवायला गेला. धुतलेलीच गाडी परत.

त्या दिवशी साहेब माझ्या टपरीवजा ऑफिसात आले. दार लावून घेतलं. बाटली घरीच विसरले होते.

"जालिंदरजी, पुनर्वापर साहित्य एकदम का थांबलं?"

"सीझन नाही सर."

"कसला सीझन?"

मी उठलो, पतसंस्थेची तशीच एक दिनदर्शिका माझ्याकडं पण होती, ती खिळ्यावरनं काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. वैशाखाचं पान उघडलं. मग लग्नाच्या एकेका तिथीवर बोट ठेवत गेलो. साहेबांच्या डोक्यात तो तक्ता पाठ होता. चौथ्या-पाचव्या तिथीवर बोट गेलं तसे ते खुर्चीत बसले. खुर्ची राजाक्काचीच होती, पाठीवर नाव होतं. त्यांनी ते पण वाचलं.

मग त्यांनी विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"वसुधा सोडून सगळ्यांना."

मी त्यांना म्हटलं, तिला गप्प करा आणि गाड्या सोडा. त्यावर ते म्हणाले, तसं केलं की त्याची नोंद पुण्याला जाते, पुरस्कारवाले ती मागवतात, आणि मग वैशाखातलं पण सगळं उकरलं जातं. त्यात आधी त्यांची नोकरी, मग माझी. एवढं बोलून ते एकटक दिनदर्शिकेकडं बघत राहिले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "या चार महिन्यांत कुणाचंच लग्न होत नाही का हो?"

"होतं की. काढीव मुहूर्तावर. पण त्याला तेवढं अडलेलं माणूस लागतं."

"असं कोणी आहे?"

मी खिडकीतनं बाहेर बघितलं. बिरू गाडीची चाकं पुसत होता.

राजाक्काच्या गोडाऊनमध्ये गेलो तर ती कापडाच्या घड्या घालत होती. दाराशी धवलगंगानं भंगारात काढलेल्या मोकळ्या पोत्यांचा ढीग होता, ती पोती उसवून ती खुर्च्यांना झाकणं शिवायची. मी त्या ढिगावरच बसलो आणि सगळं सांगितलं. वसुधा, पंचांग, म्हशी, तिसरं पान. शेवटी म्हटलं, एक लग्न झालं पाहिजे, जतकडं, मोठ्या मंडपाचं, महिनाअखेरीच्या आत. आणि ते बिरूचं असेल तर एका दगडात सगळं.

तिनं घडी पूर्ण केली. "म्हंजे म्हशी उपाशी हाईत म्हनून मी लगीन करू?"

"तसंच काही नाही. पण दिवाळीपर्यंत त्याची गाडी राहत नाही कंपनीत."

"माझंच लगीन, माझाच मंडप. भाडं कोन देनार?"

"कंपनी."

"कंपनी कोन लागती?"

"नवऱ्याकडची."

ती हसली नाही, पण पुढची घडी वाकडी पडली. म्हणाली, त्याला स्वतः येऊन विचारू दे. तुम्ही मधी बोलायचं न्हाई.

बिरूला मी तिथपर्यंत कसा नेला ते विचारू नका. अर्ध्या वाटेतनं दोनदा डिझेल भरायचं आठवलं त्याला. दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला, "अक्का, आता दिवाळीपतुर थांबाय यायचं न्हाई, वसुधाताईंनी सांगितलंय." अशा शब्दांत महाराष्ट्रात कुणी मागणी घातली नसेल. पण राजाक्का म्हणाली, "बरं."

लग्न बिरूच्या गावाला, जतच्या पुढं, माळावर झालं. वऱ्हाड पन्नास माणसांचं आणि खुर्च्या हजार. राजाक्कानं सगळ्या ओळखीच्या मंडपवाल्यांचं सामान मागवलं होतं, प्रत्येक गाडीला परतीचा माल मिळाला पाहिजे म्हणून. अडचण एकच होती, तो माल आधी तिथं पोचवायचा कसा. तर 'हरित जनजागृती मेळावा' या नावाखाली साहेबांनी बाहेरचे टेम्पो भाड्यानं लावले आणि धूर सोडत सोडत सगळं माळावर नेऊन टाकलं. बाहेरच्या टेम्पोंचा धूर वसुधा मोजत नव्हती. वसुधाला मी आदल्या दिवशीच कळवलं, अमुक गावाला भरपूर पुनर्वापर साहित्य आहे. तिनं सगळ्या गाड्या एका दमात सोडल्या. मागनं खाद्याची पोती घेऊन आमच्या गाड्या आल्या तेव्हा माळावर म्हशीवाले टाळ्या वाजवत होते आणि बिरूला वाटलं त्या लग्नाच्या आहेत.

हजार खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत देवस्थळी साहेब एकटे बसले होते, फेटा बांधून. पोरं मात्र कुणीच खुर्चीवर नाहीत. दुकानदारानं आणून टाकलेल्या मोकळ्या पोत्यांच्या गंजीवर चढून उड्या मारत होती. मंगलाष्टकं झाली, साहेबांनी तांदूळ टाकले आणि डोळे पुसले. आनंदानं का भीतीनं, ते मी विचारलं नाही.

परत येताना नवरा-नवरी बिरूच्याच गाडीत, मी खिडकीशी. गेटात आलो. मी मोबाइल काढून तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं.

"बिराप्पा," गाडीतली बाई म्हणाली, "आपली परतफेरी परिपूर्ण आहे. पृथ्वी आपली आभारी आहे."

राजाक्कानं पदर सावरला. "ही कोन?"

"वसुधाताई," बिरू कुजबुजला.

"ताई व्हय? मग राहू दे."

पुढं चातुर्मासभर वसुधा रुसली नाही. पुरस्कार मिळाला. साहेब बढतीवर पुण्याला गेले आणि हल्ली कुठं कुठं भाषणं देतात म्हणे, ग्रामीण लयीवर. कंपनीच्या जाड चकचकीत अहवालात माळावरच्या हजार रिकाम्या खुर्च्यांचा पानभर फोटो आहे. खाली लिहिलंय, संसाधनांचा पुनर्वापर.

बरीच वर्षं गेली. वसुधाच्या जागी दुसरी कुठली आली, ती हिंदीत बोलते. परवा राजाक्काच्या गोडाऊनमध्ये चहा पीत बसलो होतो. बिरू तिथंच मोकळी पोती मोजून बांधत होता. आता प्रत्येक गाडी परत येताना तीच आणते, बारा महिने. बांधता बांधता त्याचा हात थांबला.

"अण्णा," तो म्हणाला, "ही पोती तवाबी हुतीच की गावागावात. ही बी पुनर्वापरच की. ह्यास्नी कुटं चातुर्मास लागतोय?"

मी चहात बघितलं.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुमी पोती आनायला लावली सगळ्यास्नी. आदल्या महिन्यात का न्हाई?"

इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट होती. इतकी चवीची, की कुणाला वाटावीशी वाटत नव्हती. मी म्हटलं, "अरे, आदल्या महिन्यात पोती आणली असती तर तुझी गाडी राहिली असती, आणि तू अजून दिवाळीची वाट बघत बसला असतास."

बिरू तोंड उघडं टाकून बघत राहिला. वसुधाला फसवलं, साहेबाला फसवलं, आणि ज्याच्यासाठी फसवलं त्याला पण फसवलं. असा दिवस माणसाच्या आयुष्यात वारंवार येत नाही. मी मांडी ठोकली.

राजाक्का आतनं खुर्च्यांची झाकणं घेऊन आली. "अण्णा," ती म्हणाली, "तुमी मला सांगायला आला हुता त्या दिवशी कशावर बसला हुता?"

"कशावर?"

"पोत्यांच्या ढिगावर. मी कापडाच्या घड्या घालत तुमच्याकडं बघत हुते. म्हनलं, ह्या मानसाच्या बुडाखाली उत्तर हाय आन् हा माझ्याकडं लगीन मागतोय. म्हंजे नाटक हाय. तर करू दे."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? जोशीबुवांकडनं मुहूर्त मी आधीच्या आठवड्यात काढून ठेवला हुता. नुसतं मागणी घालायला कोन येतंय याची वाट बघत हुते."

बिरू तिच्याकडं बघायला लागला, मग माझ्याकडं, मग हातातल्या पोत्यांकडं.

"म्हंजे," तो म्हणाला, "मला एकट्यालाच म्हाईत नव्हतं?"

"तुमाला आन् वसुधाताईस्नी," राजाक्का म्हणाली, आणि माझा कप उचलून घेऊन गेली. त्यात अजून अर्धा चहा होता.